सातवा फर्मा

पुस्तक चालेल की नाही हे सांगायला मला सोळा पानं पुरतात. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तशी. बावीस वर्षं मी सातव्या फर्म्याच्या घड्या घालतेय आणि एवढ्या वर्षांत माझा शब्द एकदाच खोटा ठरला. त्याचीच ही गोष्ट. दुसरी कुणी तिखटमीठ लावून सांगायच्या आत मीच सांगते, कारण आमच्या टेबलावर सात जणी त्यासाठी टपून बसल्या आहेत.

फर्मा म्हणजे काय ते आधी ऐका. छापखान्यातून मोठा कागद येतो, दोन्ही बाजूंनी छापलेला, एकूण सोळा पानांचा. त्यावर पानं ओळीनं नसतात, निम्मी तर चक्क डोक्यावर उभी असतात. हाडाची पट्टी दाबत तीन घड्या घातल्या की सगळी आपापल्या जागी येतात. हा झाला एक फर्मा. असे आठ, दहा, बारा फर्मे एकावर एक रचायचे, दोऱ्यानं शिवायचे, खळ लावून पुठ्ठा चढवायचा, कडा कापायच्या. झालं पुस्तक. लोकांना वाटतं पुस्तक लेखक करतो. करतो बापडा, पण आमच्या हातातून गेल्याशिवाय ती नुसती रद्दी असते.

खाली साहेबांचा छापखाना, वर आमची बांधणीची खोली. साहेब म्हणजे प्रकाशक. पुस्तक निवडणारे तेच, छापणारे तेच आणि विकलं गेलं नाही की कपाळाला हात लावून बसणारेही तेच. खोलीत एक लांब टेबल, आठ बायका, आणि प्रत्येकीचा फर्मा ठरलेला. पहिली कायम पहिलाच करणार, दुसरी दुसराच. पुस्तक मोठं असलं तर नववा पुन्हा पहिलीकडे जातो. टेबलावर नावानं कुणी कुणाला हाक मारत नाही. "ए तिसरे, दोरा सरकव." "पाचवी आज आली नाही का?" जिन्यातून जाणाऱ्याला वाटतं वर शाळा भरलीय.

घड्या घालून घालून हात आपोआप चालतात. मग डोळ्यांनी करायचं काय? वाचायचं. आम्ही सगळ्याच वाचतो, उलटी पानंसुद्धा सुलट असल्यासारखी. पण प्रत्येकीच्या वाट्याला सोळाच पानं. म्हणून दुपारी डबे उघडले की पहिली सुरुवात करते, मग दुसरी, मग तिसरी, अशी गोष्ट टेबलाला वळसा घालत येते. पहिलीचा तोरा फार, कारण कोण कुणाचा कोण हे फक्त तिलाच माहीत. चौथीवर विश्वास ठेवायचा नाही, ती पदरचं घालते. एकदा तिनं एका म्हाताऱ्याला मारून टाकलं आणि पाचवीच्या फर्म्यात तो आरशासमोर दाढी करत होता! आठवी जेवता जेवता सांगते आणि निम्मी गोष्ट घासाबरोबर गिळते. आणि मग मतं सुरू होतात.

"मला नाही बाई पटलं, ती त्याला सोडून जाते ते."

"तुला कशाला पटायला पाहिजे? नवरा तिचा आहे."

"लिहिणाऱ्यानं आयुष्यात कधी भांडं घासलेलं नाही, वाचल्या वाचल्या कळतं."

पाचवीला पुस्तकात कोर्टकचेरी लागते, नाहीतर तिला सगळं अळणी लागतं. तिसरीला लहान मूल आजारी पडलेलं खपत नाही. दुसरीला काहीही द्या, ती "बरंय" म्हणते. तिच्या "बरंय"चा अर्थ लावण्यात आमची अर्धी सुट्टी जाते.

साहेब चहाच्या वेळेला वर येतात. इकडं तिकडं बघतात, कागदाचा ढीग उगाच सारखा करतात आणि मग मला विचारतात, "काय सातवीबाई, चालेल का?" मलाच का? तर पहिल्या फर्म्यात कुणीही छान लिहितं. नव्याचे नऊ दिवस. सातव्यापर्यंत येता येता लिहिणाऱ्याची हवा गेलेली असते. तिथंही जो टिकला तो टिकला. खुनाच्या तपासाचं ते पातळ पुस्तक आलं होतं, सगळ्यांनी नाकं मुरडली, मी म्हटलं पळेल. तीनदा छापावं लागलं. यशस्वी कसं व्हावं याचं ते गलेलठ्ठ पुस्तक आलं, साहेब खुशीत, मी म्हटलं पडून राहील. अजून जिन्याखाली पडून आहे. एक प्रत आमच्या टेबलाच्या लंगड्या पायाखाली आहे, तेवढीच काय ती यशस्वी.

आता सहावी. सहावी म्हणजे माझी सख्खी धाकटी जाऊ. तिला इथं कामाला मीच लावली. घर एक, चुली दोन, आणि इथं टेबलावर कोपराला कोपर. चार महिन्यांपूर्वी तिनं माझा एक फर्मा उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "ताई, तुमची घडी हल्ली केसभर वाकडी जाते."

माझी घडी! "मी घड्या घालत होते ना, तेव्हा तू फ्रॉक घालून फिरत होतीस," मी म्हटलं.

"असेन," ती म्हणाली. "पण वाकडी ती वाकडीच."

झालं. त्या दिवसापासून अबोला. दोरा हवा असला तर मी पाचवीला सांगायची, पाचवी तिला सांगायची, दोघींच्या मध्ये वीतभर अंतर असताना. आणि जेवताना ती तिचा फर्मा सांगायला लागली की मी डबा उचलून जिन्यात जाऊन बसायची. तिचं संपलं की परत यायची, माझा सांगायला. चार महिने मी एकही सहावा फर्मा ऐकला नाही. तीन पुस्तकं अशी गेली आणि माझं काही अडलं नाही.

चौथं पुस्तक एका म्हाताऱ्या बाईंचं होतं. "पहिलंच आहे त्यांचं," साहेब म्हणाले, "वय सत्तरच्या पुढं." त्यांच्या आवाजावरूनच कळलं की त्यांना धाकधूक वाटतेय. बारा फर्म्यांपैकी आठ छापून वर आले. जेवताना पहिलीनं सुरुवात केली. घड्याळं दुरुस्त करायचं दुकान. नवरा पुढं बसून गिऱ्हाइकाशी गप्पा मारतो, बायको आत भिंग लावून घड्याळं उघडते. लोकांना वाटतं कारागीर तोच. दोघं ते कुणाला कळू देत नाहीत आणि रात्री त्यावरून पोट धरून हसतात. तिसरीच्या फर्म्यात मुलं होतात, आजारी पडत नाहीत, म्हणून तिसरी खूश. पाचवी म्हणाली, "कोर्ट नाही, पण चालतंय." दुसरी "बरंय" म्हणाली, आणि यावेळी चांगल्या अर्थानं. मग सहावीची पाळी आली आणि मी डबा उचलून जिन्यात गेले.

परत आले तर सगळ्या चिडीचूप. कुणी माझ्याकडे बघेना. मी मनात म्हटलं, माझ्याच नावानं खडे फोडत असणार. माझं डोकं फिरलं. त्या तिरीमिरीतच मी माझा फर्मा सांगितला.

"दवाखान्याच्या बोळात एक बाक आहे. बाकावर ती बाई बसलीय. मांडीवर डबा. फरशा मोजते. घड्याळाकडे बघते, ते चार मिनिटं पुढं आहे म्हणते. शेजारी एक म्हातारा येतो, जातो. ही बसलेलीच. अहो, सोळा पानं! मी म्हटलं, ऊठ गं बाई एकदाची, डबा तरी उघड!"

मी हसले. एकटीच हसले. आठवी म्हणाली, "माझं उद्या सांगते." आणि तेवढ्यात साहेब वर आले, चहाचा कप हातात. "काय सातवीबाई, चालेल का?"

"बाई सोळा पानं बाकावरून हलत नाही साहेब, पुस्तक कुठून हलणार?" मी म्हटलं.

"साहेब, पण..." सहावीनं तोंड उघडलं. मी हाडाची पट्टी टेबलावर अशी आपटली की कप हलला. साहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा ढिगाकडे. परीक्षांचे दिवस जवळ आले होते, गाईडांच्या ऑर्डरी येऊन पडल्या होत्या, कागद कमी होता. "मग उरलेले चार फर्मे छापतच नाही," ते म्हणाले. "आठ झालेत ते बांधून ठेवा. शनिवारी रद्दीची गाडी येईल." आणि सुटल्यासारखे खाली गेले. मला वाटलं, वाचवलं मी यांना.

गठ्ठे खाकी कागदात गुंडाळून, सुतळीनं बांधून दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या टोकाला असलेल्या बाकाशेजारी रचले. सोमवारची ही गोष्ट.

गुरुवारी अकराच्या सुमाराला जिन्यात हळूहळू पावलं वाजली. पातळशी बाई, पांढरे केस घट्ट बांधलेले, हातात कापडी पिशवी. दारात उभी राहून म्हणाली, "पुस्तकं इथंच बांधतात ना? माझंही आहे त्यांत. साहेब आहेत का?"

साहेब दहा मिनिटांपूर्वीपर्यंत होते. त्यांनी खिडकीतून बाईंना रस्ता ओलांडताना बघितलं असणार, कारण कागदाच्या गोदामाचं दार लागल्याचा आवाज मी स्वतः ऐकला होता. म्हणजे यांनी तिला कळवलंच नव्हतं. "बाहेर गेलेत," मी म्हटलं. "वेळ लागेल."

"लागू दे," ती म्हणाली आणि बाहेरच्या बाकावर बसली. स्वतःच्याच पुस्तकाच्या गठ्ठ्यांना टेकून. पिशवीतून एक डबा काढून मांडीवर ठेवला. "तुम्हा सगळ्यांसाठी आणलंय थोडं. कोण कोण माझं पुस्तक करतंय ते बघावं म्हटलं. मी नुसतं लिहिलंय, तुम्ही शिवताय."

मी परत जागेवर आले. हात चालू होते, पण डोळे दाराकडे. बारा वाजले. साडेबारा. मी बाहेर गेले. "तुम्ही घरी जा, मी साहेबांना निरोप देते."

"असू दे. मला बसायची सवय आहे." मग आमच्या भिंतीकडे बोट करून म्हणाली, "तुमचं घड्याळ सहा मिनिटं मागं आहे. जाताना नीट करून देईन. चाळीस वर्षं तेच केलं." तिच्या उजव्या डोळ्याभोवती एक गोल वळ होता, भिंग दाबून दाबून पडलेला, कायमचा.

म्हणजे ती बाई हीच. दुकान हिचं, भिंग हिचं, आणि बाकही हिचाच. आणि मी हिच्यावर हसले होते.

मी एका गठ्ठ्याची सुतळी सोडली, माझा एक फर्मा काढला, बंद कडा पट्टीनं फाडल्या आणि टेबलाशी उभी राहून वाचायला लागले. या वेळी पहिल्या पानापासून, ओळीनं. पान एकशे चार. म्हातारा म्हणतो, "डबा गार होईल हो तुमचा." ती म्हणते, "त्यांना गरमच लागतं." आणि डब्याला पदर गुंडाळते. सोमवारी या ओळीवरून माझी नजर नुसती घसरून गेली होती. आता तिथं अडकली. गरम लागतं, तर आत नेऊन देत का नाहीस बाई? कशाची वाट बघतेस? उत्तर माझ्या सोळा पानांत नव्हतं. ते माझ्या डाव्या कोपराला लागून होतं.

चार महिने. चार महिने मी तिच्या सावलीलासुद्धा उत्तर दिलं नव्हतं. घसा खाकरला.

"काय गं," मी म्हटलं. "तुझ्या फर्म्यात काय होतं?"

टेबलावरचे सगळे हात थांबले. चौथीच्या हातातून सुई पडली, ती कुणी उचलली नाही. मला वाटलं, आता ही पाचवीकरवी उत्तर पाठवणार, आणि मी ते ऐकून घेणार. पण माझी जाऊ वळली आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"माहीत असतं तर तुझे पाय कशाला धरले असते?"

"आम्हाला वाटलं, जिन्यात ऐकू आलं असेल, तुम्हाला कळलंय आणि मुद्दाम हसताय. म्हणून कुणी बोललं नाही." तिनं ओले हात पदराला पुसले. "पान चौऱ्याण्णव. तो जातो, ताई. नर्स बाहेर येऊन सांगते. ही 'बरं' म्हणते. कागदावर सही करते. आणि मग जाऊन बाकावर बसते."

मी फर्मा पुन्हा हातात घेतला. तीच पानं. एक अक्षर बदललेलं नव्हतं. ती फरशा मोजत होती, आणि तो गेलेला होता. ती घड्याळ चार मिनिटं पुढं आहे म्हणत होती, आणि तो गेलेला होता. "त्यांना गरमच लागतं" म्हणत होती. सबंध सोळा पानांत तिनं एकदाही मनातसुद्धा म्हटलं नाही की तो गेला. उठली असती तर घरी जावं लागलं असतं आणि मुलांना सांगावं लागलं असतं.

मी रडले. लपवून नाही, चांगली हमसून रडले, फर्म्यावर थेंब पडू नयेत म्हणून तो लांब धरून. आमचे हे गेले त्याला नऊ वर्षं झाली. त्या दिवशी मीही बसले होते अशीच, त्यांच्या चपला पिशवीत घालून, पिशवी छातीशी धरून. कुणी काही म्हटलं तरी उठले नव्हते. शेजारी बसलं होतं कोण? हीच. चार तास बसली, एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, चला, मी आहे." आणि मी तिच्याशी चार महिने बोलले नाही, कशावरून, तर केसभर घडीवरून. आणि पुस्तकातल्या त्या बाईला मी म्हटलं, ऊठ गं एकदाची. दवाखान्याचा बाक दिसला की मला वाचायचंच नसतं, हे खरं कारण. मी ते पुस्तकाच्या माथी मारलं.

"आठवे," मी नाक पुसून म्हटलं, "आता तुझं सांग. आणि न गिळता सांग."

आठवीनं डबा बाजूला ठेवला. "घरी जाते. मुलांना बसवते, सांगते. मग डबा गरम करते. त्याच्या ताटात वाढते. थोडा वेळ बघते. आणि मग ते ताट स्वतः जेवते, सगळं."

"पुढं?"

"पुढं छापलंच नाही ना," आठवी म्हणाली, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. पण बघितलं.

मी सहावा, सातवा, आठवा असे तीन फर्मे घेतले, कडा कापल्या, पानं मोकळी केली आणि निघाले. बाकावरच्या बाईंना म्हटलं, "साहेब आलेत. बोलावून आणते." जिना उतरून थेट गोदामाचं दार ढकललं. साहेब कागदाच्या रिमांच्या मागं, उलट्या बादलीवर बसले होते. मोठा माणूस, पण त्या क्षणी शाळा चुकवलेल्या पोरासारखा दिसत होता.

"गेल्या का त्या?" ते म्हणाले.

"बसल्यात. आणि बसून राहतील, त्यांना सवय आहे. साहेब, मी चुकले."

बावीस वर्षांत हे वाक्य त्यांनी माझ्या तोंडून ऐकलं नव्हतं. ते उभेच राहिले. "म्हणजे?"

"म्हणजे मी सहावा फर्मा न ऐकता सातव्यावर बोलले. शीत चाचपलं, पण डोळे मिटून. पुस्तक मारलं ते मी."

साहेबांनी सुस्कारा सोडला. खरं तर त्यांना बरंच वाटलं असावं. "मग काय, चालेल म्हणता? तुम्ही चालेल म्हणा, उद्या मशीनवर चढवतो. गाईडं थांबतील दोन दिवस. बोला. तुमच्या शब्दावर."

किती सोपं होतं! हो म्हणायचं, जिना चढायचा, बाईंना आनंदाची बातमी द्यायची. जीभ अगदी टोकापर्यंत आली होती. पण मला एकदम त्यांचा रागच आला. माझा आला तेवढाच त्यांचाही.

"नाही," मी म्हटलं. "माझ्या शब्दावर बुडवलंत तेवढं पुरे. आता माझ्या शब्दावर तारू नका. हे घ्या तीन फर्मे. अठ्ठेचाळीस पानं आहेत. वाचा."

"अहो बाई, मला वेळ..."

"बादलीवर बसायला होता ना?"

साहेब खाली बसले. मी दाराला टेकून उभी राहिले. सहावा त्यांनी भराभर वाचला, कोपरा दुमडत, घड्याळाकडे बघत. मग चौऱ्याण्णवाव्या पानावर घड्याळाकडे बघायचं थांबले. सातवा हातात घेतला. मशीन पलीकडे धडधडत होतं, दोनदा त्यांना कुणीतरी हाक मारली, त्यांनी मान वर केली नाही. एकशे चारावर येऊन त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आठवा त्यांनी खूप हळू वाचला. संपल्यावर शेवटचं पान उलटून पाठीमागं बघितलं, पुढं काही आहे का म्हणून. मी एक शब्द बोलले नाही. एवढा वेळ गप्प राहायला मला किती जड जातं ते माझं मला माहीत!

"पुढचं कुठं आहे?" साहेब म्हणाले.

"तुमच्या कपाटात. हस्तलिखित."

ते उठले, शर्ट झटकला आणि जिन्याकडे गेले. मी मागोमाग. वर बाई तशाच बसल्या होत्या, डबा मांडीवर. मला वाटलं साहेब आता काहीतरी थाप मारणार, बाहेरगावचं काम निघालं वगैरे. ते त्यांच्या शेजारी बाकावर बसले आणि म्हणाले, "बाई, मी तुमचं पुस्तक न वाचता छापायला घेतलं आणि न वाचताच थांबवलं. तुम्ही टेकून बसलात ते गठ्ठे तुमचेच आहेत. शनिवारी रद्दीत जाणार होते. आता जाणार नाहीत. पण थोडा उशीर होईल, माझ्यामुळं."

बाईंनी गठ्ठ्यांवरून हात फिरवला. मग डबा त्यांच्या हातात दिला. "आधी खाऊन घ्या," त्या म्हणाल्या. "गार झालंय सगळं." आणि टेबलावर चढून आमचं घड्याळ नीट केलं, सत्तरी उलटलेल्या बाईनं! आम्ही आठ जणी टेबल धरून उभ्या.

पुढचे चार फर्मे सोमवारी वर आले. पहिलीनं नववा सांगितला, दुसरीनं दहावा, तिसरीनं अकरावा. बारावा चौथीकडं, म्हणजे शेवट चौथीच्या हातात! आम्ही तिला दम दिला की पदरचं एक अक्षर घातलंस तर बघ. तिनं आयुष्यात पहिल्यांदा जसंच्या तसं सांगितलं, आणि सांगताना तिचाच आवाज फाटला. मी यावेळी जिन्यात गेले नाही. पाचशे प्रती शिवल्या. विकल्या किती जातायत विचाराल, तर सावकाश जातायत. धावत नाहीत, पण परतही येत नाहीत.

पहिली प्रत न्यायला बाई स्वतः आल्या. पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं, पाठीवरचं आपलं नाव वाचलं आणि मधोमध पुस्तक उघडलं. सत्याण्णवावं पान.

"याच्या घड्या कुणी घातल्या?"

"मी," मी म्हटलं. आणि आता झाकून काय करायचं! "यात काही घडतच नाही असं म्हणणारीही मीच."

बाई हसल्या. राग नाही, काही नाही. "बरोबर बोललात," त्या म्हणाल्या. "काही घडू नये म्हणूनच बसले होते मी तिथं."

मी त्यांचा हात धरला.

त्या गेल्यावर माझ्या जावेनं टेबलावरचा माझा एक फर्मा उचलला. नव्या पुस्तकाचा, त्याच सकाळचा. खिडकीपाशी गेली, उजेडात धरला, एक डोळा मिटून बघितलं.

"केसभर वाकडी आहे, ताई," ती म्हणाली.

"आहे," मी म्हटलं. "डोळे तपासून घ्यायला हवेत. तू येशील ना बरोबर? बसावं लागेल तिथं."

"येईन की," ती म्हणाली आणि फर्मा ढिगावर ठेवला.

दुपारी साहेब चहा घेऊन वर आले. कागद सारखे केले, इकडं तिकडं बघितलं. "काय सातवीबाई, हे नवीन चालेल का?"

"थांबा हो," मी म्हटलं, आणि डबा घेऊन माझ्या जावेच्या बाजूला सरकले. "अजून तिचं ऐकायचंय."